गळा कोणाचा, ओठ कोणाचे

आमच्या वाचनालयाच्या यादीत मी ‘चित्रपटसंगीत व इतर’ असं एक शीर्षक लिहिलं होतं. ते चाचांच्या नजरेस पडलं त्या दिवशी माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली. तोवर ते रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे, खिशाला निळ्या शाईचं पेन लावणारे एक म्हातारे गृहस्थ होते, एवढंच.

“ताई, ह्ये ‘इतर’ म्हंजे कोण?”

“नाटकांची गाणी, तमाशाचे वग, असं सगळं.”

“म्हंजे जे उन्हातान्हात उभं राहून, घाम गाळून गायले ते इतर? आन् जे काचंच्या खोलीत पंख्याखाली गायले त्यांचं नाव वर?”

मी म्हटलं, बदलते. ते म्हणाले, “कधी?” मी म्हटलं, पुढच्या वेळी यादी छापू तेव्हा. त्यांनी पेन काढलं, भिंतीवर लावलेल्या यादीतला ‘इतर’ हा शब्द खोडला आणि त्याच्या जागी बारीक, गोल अक्षरात लिहिलं : फडाची, नाटकाची. वाचनालयाच्या मालमत्तेवर लिहिता येत नाही, असं मी त्यांना सांगितलं. “मग दंड लावा,” म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या टेंपोतून त्यांनी पत्र्याच्या चार पेट्या आणल्या. तीन पेट्यांवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं : फडाची, नाटकाची, सिनेमाची. चौथीवर नुसतं प्रश्नचिन्ह. आत शेकडो कॅसेटी. ऐन तारुण्यात ते एका तमाशाच्या फडाबरोबर गावोगाव हिंडत, लाउडस्पीकर आणि माईक सांभाळत. पुढे जुन्नरच्या बाजारपेठेमागे त्यांनी रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान बंद झालं, कॅसेटी उरल्या. त्या त्यांनी वाचनालयाला दिल्या, पण दिल्या म्हणजे काय, रोज येऊन त्यांच्यावर पहारा देत बसले.

त्यांचे नियम मी त्या वर्षात पाठ केले. वगाची कॅसेट फडाची म्हणायची ती केव्हा, तर ज्या फडाने तो वग स्टेजवर केला त्याच माणसांनी तो गायला असेल तेव्हा. नाटकाचंही तसंच. नाटकातली पदं पुढे दुसऱ्याच कोणी गवयाने स्टुडिओत गायली असली तर ती कॅसेट नाटकाची नव्हे. ती प्रश्नचिन्हाच्या पेटीत जायची. “राहू द्या तिकडं, घर मिळंपर्यंत.” सिनेमाची जात निराळी. तिथे गाणं आधी तयार होतं आणि माणूस मागाहून त्याच्यापुढे उभा राहतो. म्हणून सिनेमाच्या लेबलावर ते दोन ओळी लिहीत. गळा : अमुक. ओठ : तमुक. फडाच्या आणि नाटकाच्या लेबलावर एकच ओळ असे. माणूस : अमुक.

सिनेमावर त्यांचा राग होता असं लोक समजत. तसं नव्हतं. “सिनेमा लबाड न्हाई, ताई. त्यो पाटीवर दोघांची नावं लावतो. लबाड त्यो, जो दोघांचं एक म्हणून खपवतो.” हे वाक्य त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवलं असेल. ते कोणाविषयी बोलत होते, हे कळायला मला फार उशीर झाला.

मंचरच्या एका लग्नाची गोष्ट अजून सांगतात. साउंड चाचांचा होता. निवेदकाने वगातलं एक गाणं लावायला सांगताना म्हटलं, “आता ऐकू या एक सुमधुर चित्रपटगीत.” चाचांनी वायर उपटली. मंडप गप्प. नवऱ्याचा मामा धावत आला.

“काय झालं राव?”

“दुरुस्ती.”

“कशाची?”

“तुमच्या निवेदकाची.”

नवरदेव मांडवाच्या दारात उभा, उन्हाने तापलेला, आणि निवेदक काही माघार घेईना. शेवटी मुलीच्या आजोबांनी त्याच्या हातातला माईक घेऊन म्हटलं, “ह्ये गाणं फडाचं हाय. बस? लावा आता.” तेव्हा कुठे वायर परत जोडली गेली. त्या हंगामात चाचांना दुसरी सुपारी मिळाली नाही. “घरची म्हनाली,” ते सांगत, “आता पोटाला लेबल चिकटवा, म्हंजे भूक कुणाची त्ये तरी कळंल.” बायकोचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही. कायम ‘घरची’. ते मला हे सांगत तेव्हा ती वारून दोन वर्षं झाली होती, तरी ते ‘घरची म्हणते’ असंच म्हणत.

फडाची कॅसेट कानाने कशी ओळखायची, तेही त्यांनीच शिकवलं. वाचनालयाने कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी हेडफोन लावून बसे, ते समोर. स्टेजवर माईक वरून लोंबकळत असत, जागच्या जागी. बाई नाचत गात त्यांच्याखालून फिरे. “ऐका. आता ती डावीकडं गेली, आवाज पातळ झाला. आता पाठ फिरवली. आता आली बघा पुढं. फडाच्या कॅसेटीत गळा चालतो, ताई. सिनेमात गळा बसल्याला असतो.” मला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग एका दुपारी एकाएकी ऐकू आलं : एक बाई माझ्या डाव्या कानाकडून चालत उजवीकडे गेली. मी चमकून वर पाहिलं. चाचा हसत होते. त्यांना असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

त्यांच्या सगळ्या कॅसेटींमध्ये एक मानाची होती. बेल्ह्याच्या यात्रेतली हजेरी. रात्रभर तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी उन्हात फड पुन्हा देवापुढे उभे राहतात, ती हजेरी. त्या वर्षी दोन फड समोरासमोर होते, आणि हजेरीत जो पडेल त्याला पुढच्या वर्षी गावाचं बोलावणं नाही. चाचांच्या फडाची नायिका आक्का होती, घोडेगावकडची. रात्रीच्या खेळाने तिचा आवाज बसत आला होता. कॅसेटच्या पहिल्या बाजूला गवळण आहे, तिच्या शेवटी तो आवाज अक्षरशः फाटतो. समोरच्या फडातली माणसं हसल्याचंही ऐकू येतं. आणि दुसऱ्या बाजूला वग सुरू होतो तेव्हा आवाज धुऊन काढल्यासारखा स्वच्छ. देवाने भर हजेरीत आक्काला गळा परत दिला, असं सगळा तालुका सांगतो. त्या कॅसेटीच्या नकला मंचर-घोडेगावच्या चहाच्या दुकानांतून वर्षानुवर्षं वाजल्या. आक्का पुढे थकली, फड मोडला, पण देवाने गळा दिलेली बाई म्हणून तिला आजही एसटीत लोक उठून जागा देतात.

लेबल चाचांच्या अक्षरात : फडाची. बेल्हे, हजेरी. माणूस : आक्का.

वाचनालयाने ठरवलं की ही कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन सगळ्यांना ऐकवायची आणि त्याच दिवशी आक्काचा सत्कार करायचा. पत्रिका छापल्या. कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना मी दुसरी बाजू ऐकायला बसले. चाचा त्या दिवशी दवाखान्यात गेले होते.

पहिली दहा मिनिटं मी नुसती ऐकत राहिले. मग मी आवाज वाढवला. पायातले चाळ चालत होते. डावीकडे जात होते, वळत होते, पुढे येत होते. गळा चालत नव्हता. तो एका जागी होता, माईकच्या अगदी जवळ, मांडी घालून बसलेल्या माणसासारखा. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना दोन कडव्यांच्या मधल्या जागेत, ढोलकीखाली, आणखी एक आवाज सापडला. तान्हं मूल कुरकुरलं, आणि ज्या गळ्याने आत्ताच कडवं संपवलं होतं त्याच गळ्याने ते हळूच गप्प केलं. “शू, शू.” मग पुढचं कडवं.

आक्काला मूलबाळ कधीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. मी हेडफोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी लावला नाही. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना समजलं असावं.

“गळा बसलेला आहे, चाचा,” मी म्हटलं.

“तुमचे कान खराब झाले.”

“कान तुम्हीच तयार केलेत.”

त्यांनी माझ्या हातातून कॅसेट घेतली, झब्ब्याच्या खिशात घातली आणि गेले. कॉम्प्युटरवर आवाज उतरला होता, पण लेबल लावलेली कॅसेट सत्काराच्या दिवशी टेबलावर मांडायची होती. तीन दिवस ते आले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं की मला राग येई. वाचनालयाचे अध्यक्ष रोज विचारत, तयारी झाली का. मी हो म्हणे. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले.

ते दारातल्या बाकड्यावर एक उघडलेला टेप मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मीच बसले.

“आवाज बसला तिचा,” ते मान खाली घालून बोलले. “कनातीच्या मागं रडत व्हती. मालक म्हनला, संपलं आपलं. आमची घरची तिथं चुलीपाशी, लेकरू मांडीवर. ती फडासंगं हिंडायची, सैपाक बघायची. अख्खा वग तिला तोंडपाठ. आक्काची एकन् एक हरकत. ती म्हनाली, मी गाते मागून, तिला नुसतं तोंड हलवू द्या. मी म्हनलो, असं नसतं करायचं. ती म्हनाली, मग काय करायचं, तीस मानसं उपाशी ठिवायची?”

“मग?”

“मग काय. पडद्यामागं माईक मी लावला, ताई. ह्या हातानं. आन् वरचे दोन बंद केले, चाळाला दोन खाली ठिवले.” त्यांनी टेपचा एक स्क्रू घट्ट केला, पुन्हा सैल केला. “आन् लेबलबी ह्याच हातानं लिवलं.”

“त्या काही म्हणाल्या नाहीत?”

“एकदाबी न्हाई. एकदा मंचरला, चहाच्या दुकानात ती कॅसेट लागली. घरची बाजाराची पिशवी हातात घिऊन उभी राहिली. आख्खं गाणं ऐकलं. संपल्यावर म्हनाली, चला, एसटी जाईल.”

मी म्हटलं, खोटं लेबल मला मांडता येणार नाही. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते.

“आक्का जिती हाय. तिच्यापाशी त्या एका हजेरीबिगर दुसरं काय उरलंय? घरची गेली. मेल्याला काय लागतं? जित्याचं काढून मेल्याला द्यायचं, असं तुमच्या बुकात लिवलंय का?”

शेवटी आम्ही असं ठरवलं की सत्काराच्या दिवशी फक्त पहिली बाजू वाजवायची, गवळण. तिथे गळा आक्काचाच होता, फाटला तरी तिचा. कॅसेट टेबलावर मांडायचीच नाही. आम्ही दोघांनी मिळून एक पळवाट काढली आणि मला ते कळत होतं.

कार्यक्रमाला हॉल भरला. आक्का भाचीबरोबर घोडेगावहून एसटीने आली, नऊवारी, डोक्यावरून पदर, हातात काठी. चाचा कोपऱ्यात मशिनवर बसले होते. गवळण संपली, आवाज फाटला, आणि लोकांनी टाळ्या वाजवून ओरडायला सुरुवात केली, “आता वग लावा! देवानं दिलेला गळा ऐकू द्या!” अध्यक्षांनी कोपऱ्याकडे हात केला. चाचांनी हात मशिनवरून उचलून मांडीवर ठेवले. अध्यक्षांनी पुन्हा हात केला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

तेव्हा आक्काने अध्यक्षांपुढचा माईक ओढून घेतला.

“लाव की भाऊ,” ती कोपऱ्याकडे बघून म्हणाली. “मी तिचंच ऐकाया आलेय.”

चाचा हलले नाहीत.

“लोकहो, त्यो गळा माझा न्हाई,” आक्का म्हणाली. “मी नुसती नाचले. तोंड हलवलं. त्यो गळा दुसरीचा हाय.”

मग पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “देवीचा!” आणि हॉल टाळ्यांनी फुटला. अध्यक्ष उभे राहिले. म्हणाले, एवढी मोठी कलावंत, पण श्रेय देवाला देते, हा आपल्या मातीचा नम्रपणा. आक्का हाताने नाही, नाही म्हणत होती आणि लोक त्यालाही टाळ्या देत होते. मी चाचांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते. तोंड अर्धवट उघडलं होतं. एक वाक्य, एक नाव, एवढंच हवं होतं. मंचरच्या मांडवात परक्याच्या चुकीसाठी वायर उपटणारा माणूस तो. ते पुन्हा खाली बसले आणि त्यांनी दुसरी बाजू लावली. आक्काने डोळे मिटून ती ऐकली. मधल्या जागेत जिथे मूल कुरकुरतं तिथे ती किंचित हसली.

सोमवारी चाचा आले. खिशातून कॅसेट काढून माझ्यापुढे ठेवली. लेबल खरवडून काढलं होतं, डिंकाचा पिवळा डाग तेवढा राहिला होता.

“लिवा. माझा हात कापतो.”

मी नवं लेबल घेतलं. बेल्हे, हजेरी, असं लिहिलं. मग ‘माणूस’ लिहायच्या जागी थांबले. ते म्हणाले, “दोन वळी करा.” मी दोन ओळी केल्या. ओठ : आक्का. गळा म्हणून टिंबं दिली आणि वर पाहिलं. त्यांचे ओठ हलले. नाव काही बाहेर येईना.

“उद्या सांगतो.”

उद्या आला. ते म्हणाले, उद्या. पुष्कळ दिवस हे चाललं. ते येत, वर्तमानपत्र वाचत, कॅसेटकडे बघत, जाताना म्हणत, “उद्या, ताई.” कॅसेट कुठल्या पेटीत ठेवायची हेही त्यांनी सांगितलं नाही. दोन ओळी म्हणजे सिनेमाची, पण सिनेमा तर नव्हता. ती माझ्या टेबलावरच पडून राहिली. मीही नाव दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. ते त्यांनीच सांगावं, असा माझाही एक हट्ट झाला होता. आता त्या हट्टाची मला लाज वाटते.

कांदे काढणीला आले त्या दिवसांत चाचा गेले. सकाळी नमाजाला उठले आणि तिथेच बसल्या बसल्या. बाई म्हणून मी कबरस्तानात माती द्यायला जाऊ शकत नव्हते. दारात बायकांमध्ये बसले. माझं त्यांच्याशी नातं काय, हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

चाळिसावा झाल्यावर मी कॅसेट आणि पेन घेऊन त्यांच्या घरी गेले. मुलगा अंगणात टेंपो धूत होता. मंचरला कांदा टाकून आला होता, चाकांना पात चिकटली होती. मोठा, रुंद खांद्यांचा माणूस, फारसा न बोलणारा. आपली आई तमाशात पडद्यामागे गायली, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ऐकून तो काय म्हणेल हे मला ठाऊक नव्हतं. मी सरळ विचारलं.

“तुमच्या आईचं नाव काय होतं?”

त्याने नळ बंद केला. “कशाला पायजे, मॅडम?”

“एका लेबलावर लिहायचंय.”

“अब्बांच्या त्या कॅसेटी?” त्याचा आवाज कडक झाला. “अम्मीचा काय संबंध त्याच्याशी?”

मी मोबाइल काढला आणि दुसरी बाजू लावली. तो ओल्या हातांनी उभा राहून ऐकू लागला. कपाळावर आठी होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आठी गेली नाही. मग ढोलकी खाली उतरली, मूल कुरकुरलं, आणि तो आवाज आला. “शू, शू.”

त्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला. मला वाटलं, बंद करणार. त्याने तो कानाला लावला, फोनवर कोणी बोलत असल्यासारखा, आणि टेंपोच्या पायरीवर बसला. गाणं संपेपर्यंत तो तसाच बसून होता.

“मला असंच गप्प करायची,” तो म्हणाला. “लई मोठा झालो तरी.”

मी लेबल त्याच्यापुढे धरलं. त्याने हात सदऱ्याला पुसले, एकदा, पुन्हा एकदा. मग मांडीवर कॅसेट ठेवून, जपून, शाळेतल्यासारखी एकेक रेघ ओढत त्याने टिंबांच्या पुढे आईचं नाव लिहिलं. बापासारखं गोल अक्षर नव्हतं. शेवटचं अक्षर लेबलाच्या बाहेर गेलं.

“कुठल्या पेटीत जायची ही?” त्याने विचारलं.

“तुमचे अब्बा सांगून गेले नाहीत.”

त्याने कॅसेट सदऱ्याच्या खिशात घातली. मग उठून म्हणाला, “चला, येतो मी.” टेंपोत घालून त्याने मला वाचनालयात आणलं. वाटेत मी त्याला हजेरीची सगळी गोष्ट सांगितली, फडातल्या उपाशी राहू पाहणाऱ्या तीस माणसांसकट. तो चारही पेट्यांसमोर उकिडवा बसला आणि फडाच्या पेटीचं झाकण उघडलं. आतल्या सगळ्या कॅसेटी एका ओळीच्या. त्यांच्यामध्ये त्याने बोटाने जागा केली आणि ही दोन ओळींची कॅसेट उभी करून ठेवली.

“तिथं तीस मानसं जेवली ना त्या दिवशी,” तो म्हणाला. “मंग फडाचीच.”